काय अडतं ते सांगा

नाशिकच्या इंदिरानगरात आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. मी, मदतीला दोन बायका आणि डबे पोचवायला एक मुलगा, एवढाच पसारा. साडेचारला उठायचं, पाचला कणीक भिजवायची आणि अंबड-सातपूरच्या जनरल शिफ्टवाल्यांचे डबे आठच्या आत बाहेर पडलेच पाहिजेत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझ्या अंगदुखीबद्दल, म्हणजे फायब्रोमायल्जियाबद्दल, डॉक्टरांशी जे बोलणं झालं त्यात गोळ्यांच्या नावांइतकीच जागा या वेळापत्रकाने खाल्ली.

दुखायला लागलं मानेपासून. मग दोन्ही खांदे, पाठ, कंबर, मांड्या. आज दंडात कळ तर उद्या पोटऱ्यांत ठणका. जागा बदलायची, दुखणं जायचं नाही. ब्लाउजच्या बाहीची शिवणसुद्धा टोचायची. सिटीलिंकच्या बसमध्ये कुणाच्या पिशवीचा कोपरा खांद्याला लागला की डोळ्यांत टचकन पाणी. रात्री नऊला अंग टाकलं तरी सकाळी झोप झालीच नाही असं वाटायचं. आणि डोकं चालेनासं झालं. बिनलसणाचे डबे कुणाचे, कमी तिखट कुणाला, हे सगळं माझं तोंडपाठ. एका सकाळी झाकणं हातात घेऊन उभी राहिले आणि काही केल्या आठवेना. तेव्हापासून आम्ही डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवतो.

दोन-अडीच वर्षं हे असंच चाललं. घराजवळच्या डॉक्टरांनी वेदनाशामक गोळ्या आणि व्हिटॅमिन डीच्या पुड्या दिल्या. हाडांच्या एका डॉक्टरांनी एक्स-रे पाहून मणक्यात गॅप आहे म्हणून सांगितलं, कमरेला पट्टा दिला. दुसऱ्यांनी एमआरआय करायला लावला आणि या वयात एवढं असायचंच म्हणून तोच गॅप निकालात काढला. एका ठिकाणी सल्ला मिळाला, "टेन्शन घेऊ नका, घरात बसून राहू नका, काहीतरी काम करत जा." दहा किलो कणीक मळून मी तिथे गेले होते. मधल्या काळात निर्गुडीचं तेल, एरंडाच्या पानांचा शेक, जाऊबाईंनी सांगितलेलं मेथीचं पाणी, सगळं करून झालं. शेकाने तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. अजूनही वाटतं, आणि तो मी सोडलेला नाही.

फाईल जाड आणि आतले रिपोर्ट सगळे नॉर्मल. आमचे हे म्हणायचे, "चला, काही निघालं नाही, सुटलो." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, पण ते ऐकलं की मला रडू यायचं. काही निघालं नाही तर मग हे काय आहे?

संधिवाताच्या डॉक्टरांकडे जायचं लेकीने काढलं. ती फार्मसीला आहे. संधिवात म्हणजे बोटं वाकडी होतात तो, माझी बोटं सरळ आहेत, मग तिकडे कशाला, असं मी म्हटलं. ती म्हणाली, सांधे सोडून बाकीचं दुखणंही तेच बघतात. फोन केला तर तारीख बरीच पुढची मिळाली. तेवढा वेळ लेकीने माझी उजळणी घेतली.

एका रविवारी दुपारी ती वही घेऊन समोर बसली. "आई, डॉक्टरांना काय सांगणार तू?"

"सगळं अंग दुखतं म्हणून सांगणार."

"ते तू मलाही रोज सांगतेस. मी काय करते त्यावर?"

"तू? मोबाईल बघतेस."

ती हसली, पण सोडलं नाही. म्हणाली, दुखतं ते राहू दे, काय अडतं ते सांग. मग एकेक निघत गेलं. वेणी घालताना हात वर राहत नाहीत, मध्येच खाली घ्यावे लागतात. मोठा कुकर उतरवायला कुणाला तरी हाक मारावी लागते. ओला टॉवेल पिळता येत नाही. शंभरेक पोळ्या झाल्या की लाटणं धरलेली बोटं उघडायला वेळ लागतो. दुपारी डबे घासून झाले की जमिनीवर आडवं पडल्याशिवाय गत्यंतर नसतं, आणि त्या वेळी दारात कुणी आलं तर मी उठत नाही. हे शेवटचं सांगताना मलाच वाईट वाटलं, कारण हे मी कुणाला बोलले नव्हते.

लेकीने ते सगळं एका पानावर लिहिलं. खाली घेत असलेल्या गोळ्यांची नावं, मिलिग्रॅमसकट. वेदनाशामक गोळी "कधीमधी" घेते असं मी म्हणत होते. तिने रिकामी पाकिटं समोर मांडली तर ती जवळजवळ रोजची निघाली. आईला थायरॉइड होता आणि मामेबहिणीला खरोखरचा संधिवात आहे, तेही लिहिलं. बस्स, एक पान. पाठपोट नाही, कारण मागचं पान डॉक्टर उलटत नाहीत असं लेकीचं मत.

दवाखाना मुंबई नाक्याकडे आहे. आत जायच्या आधी रिसेप्शनवरच्या मुलीने एक कागद दिला. त्यावर माणसाच्या अंगाचं चित्र होतं, पुढून आणि मागून. गेल्या आठवड्यात जिथे जिथे दुखलं तिथे पेन्सिलने खूण करा म्हणाली. खुणा करता करता पोटरीपर्यंत पोचले आणि बिनखुणेचं काय उरलं तेच शोधायची वेळ आली. शेजारच्या आजी माझ्या कागदात डोकावून म्हणाल्या, "बाई, तुझं तर माझ्याहून जास्त आहे." त्यांची दोन्ही ढोपरं सुजलेली होती. मला उगीच लाज वाटली.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या. फाईल त्यांनी बाजूला ठेवली आणि लेकीने लिहिलेलं पान आधी वाचलं. वाचून पहिला प्रश्न विचारला तो असा: "ताई, वेणी घालताना हात खाली येतात ते दुखतात म्हणून, की वर धरायची ताकदच राहत नाही म्हणून?"

इतक्या डॉक्टरांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी नीट आठवून बघितलं. दुखतात म्हणून. दात ओठ खाऊन धरले तर राहतात वर. मग त्यांनी मला हातांना आधार न देता खुर्चीतून उठायला लावलं, माझे दंड खाली दाबून मला ते वर लोटायला सांगितले. ताकद शाबूत होती. ती गेली असती तर स्नायूंच्या वेगळ्याच आजाराकडे बघावं लागलं असतं, असं त्या म्हणाल्या. वेणीच्या एका ओळीने एवढं काम केलं.

पुढे प्रश्नांची सरबत्ती झाली. सकाळी अंग आखडलेलं असतं ते किती वेळाने मोकळं होतं? अंगठी एखाद्या दिवशी घट्ट होते का? उन्हात गेल्यावर अंगावर काही उठतं? तोंडात फोड, डोळे कोरडे, बारीक ताप, वजन कमी होणं, रात्री दुखण्याने जाग? पोट? डोकेदुखी? पाय सारखे हलवावेसे वाटतात का? घोरता का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोबत आलेल्या यांनी माझ्या आधी आणि नको तितक्या उत्साहाने दिलं. बोटांचा एकेक सांधा त्यांनी चिमटीत धरून पाहिला. कुठेही सूज नव्हती.

मग त्यांनी अंगठ्याने दाबायला सुरुवात केली, त्याआधी एक गोष्ट केली. आपल्या अंगठ्याचं नख मला दाखवलं आणि टेबलावर टेकवून ते पांढरं पडेपर्यंत दाबलं. "एवढाच जोर लावणार आहे," म्हणाल्या. तेवढाच जोर आधी यांच्या खांद्यावर लावला.

"काय वाटतं?"

"दाबताय ते कळतं."

"दुखतं?"

"छे."

मग माझ्या खांद्यावर त्याच जागी. मी अर्धी खुर्चीतून उठलेच. यांनी एकदा त्यांच्या अंगठ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. अडीच वर्षांच्या फाईलने जे त्यांना पटवलं नव्हतं ते त्या मिनिटात पटलं, हे मला त्यांच्या तोंडावरून दिसलं.

दाबून बघणं आता निदानासाठी सक्तीचं नाही, हेही मॅडमनीच सांगितलं. १९९० सालच्या निकषांत शरीरावरच्या १८ जागा ठरलेल्या होत्या आणि त्यातल्या निदान ११ दुखऱ्या लागायच्या. २०१०मध्ये पद्धत बदलली, २०१६मध्ये तिच्यात सुधारणा झाली. आता अंगाचे १९ भाग धरतात आणि त्यातले किती दुखतात ते मोजतात. त्याशिवाय थकवा, झोपेनंतरही न जाणारी मरगळ, विसराळूपणा, डोकेदुखी, पोटात दुखणं आणि उदासपणा यांचे वेगळे गुण असतात, जास्तीत जास्त १२. भाग ७ किंवा जास्त आणि हे गुण ५ किंवा जास्त, नाहीतर भाग ४ ते ६ आणि गुण ९ किंवा जास्त, दुखणं अंगाच्या एकाच बाजूला न राहता पसरलेलं, आणि हे सगळं निदान तीन महिने चाललेलं असेल तर फायब्रोमायल्जिया म्हणतात. माझ्या चित्रातले भाग भरले १३ आणि गुण ८. शाळेत असते तर पहिली आले असते.

"मग रिपोर्ट नॉर्मल कसे?" यांनी विचारलं.

रक्तात किंवा एक्स-रेत हा आजार दाखवणारी तपासणीच नाही, मॅडम म्हणाल्या. तपासण्या करतो त्या दुसरं काही नाही ना हे बघायला. थायरॉइड कमी पडलं, बी-१२ किंवा डी कमी असलं, रक्त कमी असलं, सूज असली तरी अंग असंच दुखू शकतं. शिवाय संधिवात असलेल्या माणसालाही सोबत फायब्रोमायल्जिया असू शकतो. त्यांनी माझ्या फाईलमधला थायरॉइडचा टीएसएच, सूज दाखवणारा ईएसआर आणि सीआरपी बघून घेतला, स्नायूंची सीपीके आणि बी-१२ राहिली होती ती लिहून दिली. रोजच्या वेदनाशामकांमुळे किडनीची क्रिएटिनिनही. एमआरआय पुन्हा नको म्हणाल्या. ते ऐकून यांनी सुटकेचा श्वास टाकला, आमच्या पॉलिसीत ओपीडीचं आणि बाहेरच्या तपासण्यांचं काही मिळत नाही.

मला एकच विचारायचं होतं आणि ते पानावर लिहिलेलं नव्हतं. "हे माझ्या मनाचे खेळ आहेत का?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. गणपतीच्या मंडपात माइकचा आवाज कुणी सगळ्यात वर नेऊन ठेवला तर काय होतं, असं मलाच विचारलं. मी म्हटलं, चप्पल घासली तरी सगळ्या गल्लीला ऐकू जाते. तसं तुमच्या मज्जासंस्थेचं झालंय, म्हणाल्या. चप्पल खरी आहे, आवाजही खरा आहे, मधल्या यंत्राचं बटण वर राहिलंय. मेंदू आणि मणक्यातल्या वाटा साध्या दाबालाही दुखणं म्हणून पुढे पाठवतात. झोप बिघडली, काळजी वाढली, थंडी पडली की ते बटण आणखी वर जातं. सांधे झिजत नाहीत, हातपाय वाकडे होत नाहीत, किडनी-हृदयावर हा आजार जात नाही.

हे ऐकून मला हलकं वाटलं, यांना मात्र नाही. त्यांना इंजेक्शन हवं होतं. "एखादा स्टिरॉइडचा कोर्स दिला तर?" सूज असेल तिथे स्टिरॉइड काम करतं, इथे सूजच नाही, असं म्हणून मॅडमनी ते मोडीत काढलं. वेदनाशामकांचंही तेच. त्यांनी फारसा फरक पडत नाही आणि रोज घेतल्या तर पोट आणि किडनी धोक्यात. "पूर्ण बरं होणार का?" यांनी शेवटी विचारलंच. मॅडम म्हणाल्या, मुळापासून घालवणारं औषध कुणाकडेही नाही. दहापैकी सात असलेलं दुखणं चारवर आलं आणि ताईंचं काम चालू राहिलं तर मी उपचार लागू पडले म्हणेन. घुमवून सांगितलं असतं तर मला जास्त राग आला असता.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तीन महिन्यांनी काय करता यायला हवं?"

"दुखणं थांबायला हवं," हे म्हणाले.

"तुम्ही नाही, त्यांना सांगू दे."

मी म्हटलं, वेणी एका दमात व्हायला हवी. आणि दुपारी दारात कुणी आलं तर उठता आलं पाहिजे. त्यांनी केसपेपरवर हे दोन्ही जसंच्या तसं लिहिलं. पुढच्या प्रत्येक वेळी आत गेल्या गेल्या पहिला प्रश्न तोच असतो, "वेणी?"

गोळीवर आलो तेव्हा त्यांनी आधीच सांगून टाकलं. अ‍ॅमिट्रिप्टिलिन, १० मिलिग्रॅम. हीच गोळी मोठ्या डोसमध्ये डिप्रेशनला देतात, मेडिकलवाला किंवा गुगल तुम्हाला तेच सांगेल, मग घरी जाऊन घाबरू नका. इथे थोड्या डोसमध्ये झोप आणि दुखणं दोन्हींसाठी देते आहे. काचबिंदू, हृदयाचा त्रास, लघवी अडणं असं काही नाही ना, तेही विचारून घेतलं. "झोपताना घ्या," म्हणून लिहायला लागल्या.

"उठायला जड जाईल का? मी साडेचारला उठते."

पेन थांबलं. "साडेचार?"

मग मी सगळा दिवस सांगितला, पाचची कणीक, आठचे डबे, समोर दोन मोठ्या शेगड्या. त्यांनी "झोपताना" खोडून "संध्याकाळी सात" लिहिलं. रात्री नऊ-दहाला घेतली असती तर सकाळी गॅससमोर डुलक्या काढल्या असत्या. प्रीगॅबालिन या दुसऱ्या गोळीचा विचारही त्यांनी त्याच कारणाने मागे ठेवला, त्याने गरगरतं, पायावर सूज येऊ शकते, वजन वाढतं, आणि माझं काम उभ्याने तव्यासमोर. लेकीने घरी आल्यावर सांगितलं की अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फायब्रोमायल्जियासाठी म्हणून सगळ्यात आधी मान्यता दिलेली तीन औषधं आहेत, २००७मध्ये प्रीगॅबालिन, २००८मध्ये ड्युलोक्सेटिन, २००९मध्ये मिलनासिप्रान. माझी गोळी त्यात नाही म्हणून मी जराशी खट्टू झाले. ती म्हणाली, ही जुनी आहे, स्वस्त आहे आणि जगभर याच कामासाठी वापरतात.

मध्येच मॅडमनी यांना बाहेर बसायला सांगितलं. मला वाटलं तपासायचं असेल. त्यांनी विचारलं, रात्री जाग येते तेव्हा डोक्यात काय चालू असतं? मला ते आवडलं नाही. फिरून फिरून हेही टेन्शनवरच आलं, असं वाटलं. पण त्या गप्प बसून राहिल्या आणि मी बोलले. सासूबाई शेवटची दोन वर्षं अंथरुणाला होत्या, त्यांचं सगळं मीच केलं, रात्री दर दोन तासांनी उठून कूस बदलावी लागायची. त्या गेल्या तरी माझी दर दोन तासांनी जाग यायची राहिली ती राहिलीच. मॅडमनी ते एका ओळीत लिहून घेतलं. म्हणाल्या, यामुळे आजार झाला असं मी म्हणत नाही, पण झोप कुठे मोडली ते कळलं. समुपदेशनाला जायचं सुचवलं. मी अजून गेलेले नाही. वेळ नाही हे एक कारण आहे, आणि परक्या माणसासमोर परत सगळं काढायचं जिवावर येतं हे दुसरं.

सगळ्यात जास्त वाद झाला तो चालण्यावरून. "रोज चाला," म्हणाल्या.

"अहो मॅडम, मी दिवसभर उभीच असते. आणखी काय चालू?"

"ते काम झालं. त्याच त्याच हातांनी, त्याच त्याच जागी उभं राहून. चालण्यात पूर्ण अंग सैल होतं, श्वास वाढतो, झोप सुधारते." युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१७ साली जी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली त्यांत नाना उपचारांची छाननी आहे आणि ठाम शिफारस केवळ व्यायामाची आहे, हे त्यांनी सांगितलं. गोळ्यांनाही तेवढा ठामपणा मिळालेला नाही.

"किती चालू?"

"दहा मिनिटं. नाही जमलं तर पाच."

"आणि बरं वाटलं तर?"

"तरी दहाच."

मला वाटलं चेष्टा करतायत. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर संध्याकाळी गेले तर ओळखीच्या बायका बूट घालून भराभर पुढे जायच्या. मी अर्ध्यातून मागे फिरले की, "काय, झालं एवढ्यात?" सुरुवातीला तर चालून आल्यावर दुसऱ्या दिवशी जास्तच ठणकायचं. तसं होणार हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं, नाहीतर मी तिसऱ्या दिवशी सोडून दिलं असतं. दोन-तीन आठवड्यांनी दोन मिनिटं वाढवायची, अशा चालीने मी आता अर्ध्या तासाला आले आहे. पण बऱ्या दिवशी थांबणं मला अजूनही जमत नाही म्हणा ना. बरं वाटलं की माळा आवरायला काढते, मसाला कुटायला घेते आणि पुढचे दोन दिवस झोपून काढते. मॅडम त्यालाच धरून बसतात, वाईट दिवसाचं त्यांना फार वाटत नाही. "परवा बरं वाटत होतं तेव्हा काय काय केलं?" असं विचारतात.

दिवाळीच्या ऑर्डरचं याच हिशेबाने ठरलं. चिवडा, शंकरपाळे, लाडू घेतले. चकली नाही. सोऱ्या पिळायला मनगटापासून खांद्यापर्यंत जो जोर लागतो तो मला आठवडाभर पुरतो. जुन्या गिऱ्हाईकांनी नाराजी दाखवली, एकीने तर "तुमचा हात गेला की काय" असं विचारलं. मी म्हटलं, हात आहे, चकली नाही.

मॅडमनी एकदा फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. त्यांनी व्यायाम शिकवले ते शिकवलेच, पण मला पोळपाट-लाटणं घेऊन येता का विचारलं. नेलं. उंच टेबलावर लाटायला लावलं आणि मोबाईलवर मागून फोटो काढून दाखवला. दोन्ही खांदे कानांशी भिडलेले होते. आमच्या ओट्यावर पोळपाट ठेवला की लाटणं माझ्या कोपराच्या वर जातं, त्यामुळे प्रत्येक पोळीला खांदा उचलला जातो. आता लाटायला ओट्यापेक्षा बुटकं लाकडी टेबल केलंय, पाठीमागे उंच स्टूल. कणीक मळायचं मशीन भांडी बाजारातून आणलं. पोळ्या पूर्वीसारख्या होत नाहीत असं मला वाटतं, गिऱ्हाइकांना कुणाला कळलेलं नाही.

पहिल्या गोळीने झोप सुधारली, दुपारचं आडवं पडणं कमी झालं. पण तोंडाला कोरड पडायची, भाजीची चव बघायची तर आधी पाणी प्यावं लागायचं, आणि पोट साफ व्हायचं नाही. हे "चालायचंच" म्हणून मी सांगणार नव्हते. पण लेकीने पानावर लिहिलं होतं, मॅडमनी वाचलं आणि गोळी बदलली. आता ड्युलोक्सेटिन, आधी ३०, मग ६० मिलिग्रॅम, जेवणानंतर. सुरुवातीला मळमळ झाली, फोडणीचा वास सहन होईना, मग ते बसलं. बीपी बघत राहायचं आणि गोळी एकदम बंद करायची नाही, हे बजावून सांगितलं आहे. मध्ये बाथरूममध्ये घसरून कंबर लचकली तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी लिहिली. पर्समधलं गोळ्यांचं पान दाखवलं तर त्यांनीच ती खोडली. या दोन गोळ्या एकत्र झाल्या तर अंगात सेरोटोनिन नावाचं रसायन जास्त होऊन त्रास होऊ शकतो, म्हणाले.

व्हॉट्सअ‍ॅपवर "फायब्रोमायल्जिया मुळापासून बरा" असं येतं ते मी मॅडमना दाखवते. त्या चिडत नाहीत. तेल, शेक, हलक्या हाताचा मसाज, योगासनं, काही हरकत नाही म्हणतात. पुडीतली पावडर किंवा नाव नसलेली गोळी असेल तर आधी आणून दाखवा, एवढंच.

हिवाळ्यात परत बिघडलं. जानेवारीत नाशिकची थंडी पहाटे साडेचारला काय असते ते इथल्याला सांगायला नको. गार पाण्यात भाज्या धुताना हातांत कोपरापर्यंत कळा यायच्या. डोस वाढवायचा का विचारलं तर त्यांनी उलट गिझरचा पाइप स्वयंपाकघरात घेता येईल का विचारलं. प्लंबरचा खर्च गोळ्यांपेक्षा जास्त झाला, पण हातांचं भागलं.

वेणी आता एका दमात होते, फार घट्ट नाही घालत. दुखणं चारवर आलंय म्हणावं तर कधी पाच, कधी साडेतीन. जाऊबाई म्हणतात, "दिसायला तर ठणठणीत दिसतेस." मी त्यांना यांच्याकडे पाठवते, हे त्यांना अंगठ्याचं प्रात्यक्षिक देतात.

पुढची तारीख अक्षय्य तृतीयेनंतरची आहे. पानावर दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे गोळी किती दिवस आणि कमी करायची तर कशी. उन्हाळ्यात मला बरं असतं, तर तेव्हा कमी करून बघता येईल का, ते विचारायचं आहे. दुसरं, हल्ली सकाळी उठल्यावर जबडा दुखतो, भाकरीचा तुकडा चावताना कानापाशी कट्ट आवाज येतो. रात्री मी दात खाते असं यांचं म्हणणं आहे, आणि घोरण्याच्या बाबतीत ते बरोबर निघाले होते. दाताच्या डॉक्टरांकडे आधी जायचं की हेही त्याच आजारातलं आहे ते मॅडमना विचारीन. लेकीने ते वर लिहिलंय, गोळीचं खाली.